बावीसशे काय?

"काय?" हा प्रश्न मी आयुष्यात जितक्यांदा विचारला असेल, तितक्यांदा दुसरं काहीच विचारलं नसेल. भोरमध्ये तंत्रशिक्षणाच्या वर्गावर मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आता निवृत्ती दिसायला लागली आहे. मुलगा फळ्यापाशी येतो, गणित करतो, उत्तराखाली दोन रेघा ओढतो आणि अभिमानानं म्हणतो, "बाई, हजार." मी म्हणते, "हजार काय? हजार म्हशी?" वर्ग हसतो. मुलगा डोकं खाजवतो आणि म्हणतो, "बाई, समजून घ्या की."

हे 'समजून घ्या' आमच्याकडे फार. बाजारात गेलं की "वीसचे शेंगदाणे द्या," आणि वीस काय हे दुकानदार समजून घेतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात तर कुणी एकक म्हणून उच्चारत नाही. "पंख्याला अडीचचा द्या." "पंपाला छत्तीसचा द्या." अडीच काय आणि छत्तीस काय, हे देणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्याला माहीत असण्याची गरज नसते. पंख्याचा आणि पंपाचा कपॅसिटर मायक्रोफॅरडमध्येच असतो, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या हे निभावून गेलं आहे. माझ्या वर्गात येणारी मुलं याच दुकानांतून आलेली असतात. त्यांना मी दोष तरी किती देणार! पण देते. रोज देते.

त्या हजारवाल्या मुलाचं गणित असं असतं. दहा किलोओहमचा रेझिस्टर, शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, भरायला किती वेळ? सूत्र सोपं आहे, आर गुणिले सी. तो दहाला शंभरनं गुणतो आणि हजार सेकंद म्हणून मोकळा होतो, म्हणजे जवळपास सतरा मिनिटं. खरं उत्तर एक सेकंद. किलोचे आधी हजार करायचे असतात, मायक्रोला दहा लाखांनी भागायचं असतं, मग गुणायचं असतं. रांजण भरायला किती वेळ लागेल हे रांजण केवढा आणि नळाची तोटी केवढी यावर ठरतं, तसंच हे. रेझिस्टर म्हणजे तोटी, कपॅसिटर म्हणजे रांजण. आता रांजण आहे की वाटी, हेच सांगितलं नाही तर काय डोंबल वेळ काढणार? मी हे इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं आहे की माझ्या माघारी मुलं मला 'मायक्रोबाई' म्हणतात. मला ते ठाऊक आहे. त्यांना वाटतं, नाही.

वर्ग सुटला की मी एसटी स्टँडमागच्या माझ्या दोन खोल्यांत परत येते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. कुलूप मीच लावलेलं असतं, मीच उघडते. आत सगळं सकाळी ठेवलं तसंच असतं. चष्मा जिथं ठेवला तिथंच सापडतो, याचासुद्धा मला कधी कधी राग येतो. नवरा होता तेव्हा तो माझ्या वस्तू हलवायचा आणि मी त्याच्यावर ओरडायची. आता ओरडायचं कुणावर? संध्याकाळी भाजी चिरताना मी मोठ्यानं गणितं सोडवते. उत्तर आलं की "काय?" असं स्वतःलाच विचारते आणि एकक सांगते. वेड लागल्याचं हे लक्षण असेल तर असो, शेजारी टीव्ही इतका मोठा असतो की कुणाला ऐकू जात नाही.

सासरच्या घरातलं म्हणून एकच माणूस उरलं आहे. माझे सासरे. सगळी वाडी त्यांना नाना म्हणते, मीही नानाच म्हणते. ऐंशीच्या घरातले आहेत. वेल्ह्याकडं, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत, भातखाचरांच्या वर सगळ्यात उंचावर त्यांचं घर आहे. तिथं ते एकटे राहतात. भोरला चला म्हटलं की म्हणतात, "तुज्या त्या खुराड्यात येऊन म्या काय अंडी घालू?" मी मग विषय सोडून देते.

सासूबाई गेल्या त्या वर्षीची गोष्ट मला विसरता येत नाही. गोठ्यामागं त्यांचा पाय घसरला. नाना खालच्या खाचरात होते. सासूबाई तिथंच पडून राहिल्या, हाका मारून मारून त्यांचा आवाज बसला आणि कुणाला पत्ता नाही. नाना परतले तेव्हा दिवस कलला होता. दवाखान्यात नेलं, पण घरी परत आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं. आता वर एकटे नाना. ते असे कुठं पडले तर कुणाला कळणार?

पूर्वी वाडीत माणूस उठल्याचं धुरावरून कळायचं. नानांच्या घराखालचं घर भावकीतलं, तिथली माझी चुलत जाऊ पहाटे हंडा घेऊन पाण्याला निघाली की मान वर करून बघायची. नानांच्या कौलांतून धूर निघत असला की म्हातारा उठला. नसला तर हंडा तिथंच टेकवून वर चढायची. मग नानांकडं गॅस आला. मीच आणवला. गॅसला धूर नसतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. मग जाऊबाई रोजच वर चढायला लागल्या, कारण खालून काही कळायलाच मार्ग नाही. त्यांचे गुडघे दुखायचे. फोनवर मला सांगायच्या, "चढती बाई, पर लई जीव जातो."

तेव्हा मी ती पेटी बनवली. मला आयुष्यात जे येतं ते एवढंच, तेच केलं. एक गजराचं घड्याळ घेतलं. सकाळी सहा वाजले की घड्याळ पेटीला चालू करी, तिच्यावर बारीक हिरवा दिवा लागे आणि पेटीतला कपॅसिटर भरायला लागे. तो भरायच्या आत नानांनी खाटेशेजारचं बटण दाबलं तर पेटी दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प. नाही दाबलं, तर कपॅसिटर भरल्याबरोबर नानांच्या घरावरच्या काठीवर लाल दिवा लागे आणि तारेनं जोडलेली जाऊबाईंच्या घरातली घंटा वाजायला लागे. ती थांबवायची कळ मी मुद्दाम नानांच्या ओट्यावर खांबाला बसवली, म्हणजे बघायला येईल त्यानंच वर येऊन ती बंद करायची. घरात बसून घंटा बंद करायची सोय मी ठेवलीच नाही. माणसांचा मला अनुभव आहे.

वेळेचं गणित केलं, चार लाख सत्तर हजार ओहम आणि बावीसशे मायक्रोफॅरड. एक हजार चौतीस सेकंद, म्हणजे सतरा मिनिटं. नानांना समजावलं तर म्हणाले, "सतरा मिन्टं मंजी किती?"

"मंजी तुमच्या दोन विड्या ओढून होतील इतका वेळ."

"मंग दोन इड्या म्हन की. उगा ते मिन्टं अन् फिन्टं."

मी पेटीवर रंगानं लिहिलं होतं, सतरा मिनिटं. विड्या हे एकक मला मान्य नव्हतं. जाऊबाईंनी मात्र घंटा आनंदानं लावून घेतली. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "आता घंटी वाजली न्हाई मंजी नाना बरा हाय."

वर्षभर पेटीनं एकदाही दगा दिला नाही. नाना सहाला उठलेलेच असत, बटण दाबत, दिवा लागत नसे, घंटा वाजत नसे. मी संध्याकाळी फोन करी. वाडीत रेंज ओट्याच्या एका कोपऱ्यातच येते, तिथं येऊन ते बोलत. "आज दाबलं?" "दाबलं." "बरं आहे ना सगळं?" "हाय की." झालं. मला समाधान वाटायचं. खरं सांगायचं तर मला माझ्या त्या पेटीचा अभिमान होता. वर्गात नाव न घेता तिचं उदाहरण द्यायची. एक म्हातारे गृहस्थ, डोंगरातलं घर, एकक चुकलं तर जीवाशी गाठ, वगैरे. मुलं कान देऊन ऐकायची.

गेल्या पावसाळ्यात वाडीजवळ वीज पडली आणि पेटीतला कपॅसिटर फुगून फुटला. नाना फोनवर म्हणाले, "पेटीतनं घान वास आला, म्या त्ये काळं नळकांडं उपटून उकिरड्यावर टाकलं." आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी भोरच्या स्टँडवर, चिखलात पाय घसरून, घोटा मोडून घेतला. पाय प्लास्टरमध्ये. वेल्ह्याला जाणं दूरच, मला जिना उतरता येईना.

फोनवरच सांगितलं, "नाना, नीट ऐका. नसरापूरच्या दुकानात जा. बावीसशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मागा. म्हणा बघू."

"बावीसशे."

"पुढचं?"

"सांगतो की म्या त्येला. पेटी घिऊनच जातो, त्योच बसवून दील."

दोन दिवसांनी कळलं की नाना एसटीनं जाऊन पेटी दुरुस्त करून आले. "चालू हाय का?" मी विचारलं. "झ्याक हाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कधी नव्हे तो उल्हास होता. मला वाटलं, पेटी दुरुस्त झाल्याचा असेल.

प्लास्टरचे ते दिवस मला कुणाला सांगता येतील असे नव्हते. डबेवाली बाई दाराच्या कडीला डबा अडकवून जाई. मी कुबडी टेकत दारापर्यंत जाईपर्यंत ती खाली पोचलेली असे. वर्गातून एकदा सगळे येऊन गेले, फळं ठेवून गेले, मग परीक्षा सुरू झाल्या. न्हाणीघरात जाताना मला भीती वाटायची. इथं पडले तर? डबा कडीला लटकत राहील, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरा डबा. दुसऱ्याच्या घरावर लाल दिवा लावणारी मी, माझ्या दारावर साधी घंटासुद्धा चालत नव्हती. तिचे सेल संपले होते आणि ते बदलावेत असं कधी वाटलं नव्हतं, कारण ती कोण वाजवणार? दिवसात एकच आवाज ऐकू यायचा, संध्याकाळी नानांचा. "दिवा ठीक?" "झ्याक." आणि ते फोन ठेवून द्यायचे. त्यांना बोलायला वेळ नसल्यासारखं वाटायचं. त्याचं मला थोडं वाईटही वाटलं.

प्लास्टर निघालं आणि चालता यायला लागलं तशी मी एका शनिवारी निघाले. भोरहून चेलाडीच्या फाट्यापर्यंत एक एसटी, तिथून वेल्ह्याची दुसरी, आणि मग चढ. संध्याकाळी पोचले. नाना खुशीत होते. दाढी गुळगुळीत, टोपी पांढरीशुभ्र. मी म्हणाले, "काय नाना, लग्नाला निघालात का?" ते हसले.

सकाळी भांड्यांच्या आवाजानं जाग आली. सहा वाजायचे होते. नानांनी गॅसवर भलंमोठं पातेलं चढवलं होतं. एकट्या माणसाला एवढा चहा? मी काही विचारणार एवढ्यात घड्याळात सहा वाजले, आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, काठीवरचा लाल दिवा लागला आणि खालच्या घरातून घंटेचा कर्कश आवाज वर आला. मी ताडकन उठले. "नाना, बटण!"

नाना शांतपणे ओट्यावर जाऊन बसले. घंटा बंद करायची कळ त्यांच्या हाताशी, खांबाला होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं जाऊबाई धापा टाकत वर आल्या. कळ दाबून घंटा बंद केली आणि म्हणाल्या, "काय नाना, आज बी मेला न्हाई व्हय?"

"न्हाई गं. बस. च्या घे."

मग समोरच्या घरातले म्हातारे काठी टेकत आले. शेतावर निघालेल्या दोघी जणी डोक्यावरच्या पाट्या उतरवून टेकल्या. नाना कप भरत होते. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या कोंबड्या बिबट्यानं नेल्या, कुणाच्या पोराला शिवऱ्याच्या कंपनीत काम लागलं, सगळं बोलून झालं. मी आपली उंबऱ्यात उभी. मला पाहून त्यांना आणखी चेव आला आणि पहिल्या दिवशीची हकिकत सगळ्यांनी मिळून सांगितली. घंटा वाजली तशी सगळी वाडी पळत सुटली होती. एकीनं येताना तुळशीचं पान तोडून आणलं होतं. बघतात तर नाना दाराशी आरसा लावून, तोंडाला साबण फासून दाढी करत बसलेले. तुळशीचं पान मग चहात टाकलं म्हणे. सगळे खो खो हसले. नाना सर्वांत जास्त हसले.

मी हसले नाही. पेटी बिघडली आहे एवढंच माझ्या डोक्यात होतं. सगळ्यांसमोर मी पेटी उघडली. जिथं अंगठ्याएवढं काळं नळकांडं असायला हवं, तिथं मसुरीच्या डाळीएवढी एक तपकिरी चकती डकवलेली. तिच्यावर बारीक अक्षरांत दोन दोन दोन. म्हणजे बावीस आणि पुढं दोन शून्यं. बावीसशेच. पण पिकोफॅरड.

"नाना, दुकानात काय मागितलंत?"

"तू सांगितलं त्येच. बावीसशेचा द्या म्हनलं."

"बावीसशे काय, असं विचारलं नाही त्यानं?"

"न्हाई. त्येला कळलं की."

मग माझा वर्ग सुरू झाला. मायक्रो केवढा, पिको केवढा, हा त्याच्या दहा लाख पटींनी लहान. सतरा मिनिटं लागायची तिथं आता एका सेकंदाचा हजारावा भाग लागतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत कपॅसिटर भरतो, बटण दाबायला वेळच नाही, म्हणून रोज घंटा. रांजणाच्या जागी त्यानं वाटीसुद्धा नाही, थेंब ठेवलाय थेंब! जाऊबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. समोरचे म्हातारे म्हणाले, "नाना, सून लई हुशार हाय तुजी."

"आणि ती कळ तुमच्या हाताशी होती," मी नानांना म्हणाले, "तुम्हीच का नाही बंद केलीत? जाऊबाईंचे गुडघे..."

"ती कळ बगाया येनाऱ्याची. तूच म्हनली हुतीस."

खरा कपॅसिटर माझ्या पिशवीत होता. मी असे दोन-तीन जवळ बाळगून असते, दुसऱ्या बायका उपासाचे दाणे बाळगतात तसे. तिथंच बसून चकती काढली, बावीसशे मायक्रोफॅरडचा लावला, घड्याळ पुढं करून दोनदा तपासलं. सतरा मिनिटं, बरोबर. जाऊबाईंनी हात जोडले, "सुटले गं बाय." सगळे आपापल्या कामाला गेले. नानांनी रिकामे कप गोळा केले. ते बराच वेळ विसळत बसले होते. मी दुपारच्या एसटीनं भोरला परतले आणि वाटेत खिडकीशी बसून मला इतकं बरं वाटत होतं, जसं एखादं अवघड गणित एककासकट सुटलं की वाटतं.

त्यानंतर संध्याकाळचे फोन पुन्हा जुन्या वळणावर आले. "दिवा?" "लागत न्हाई." "छान." "व्हय." एकदा मात्र त्यांनी विचारलं, "त्यो बारका दाना हाय का फेकलास?" मी म्हणाले, "फेकला. काय करायचाय?" म्हणाले, "काय न्हाई, इचारलं." मला वाटलं, गंमत म्हणून ठेवायचा असेल.

दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा भातं कापणीला आली होती. सकाळी मी मुद्दाम लवकर उठले. सहा वाजले. पेटीवरचा बारीक हिरवा दिवा लागला आणि नानांनी लगेच बटण दाबलं. घंटा नाही, लाल दिवा नाही. सगळं जसं व्हायला हवं तसं. मग ते गॅसपाशी गेले. तेच भलंमोठं पातेलं. चहा उकळला तसा त्यांनी टोपी नीट केली, कप ओळीनं मांडले आणि ओट्यावर जाऊन बसले. खालच्या वाटेकडं तोंड करून.

कुणी आलं नाही.

शेतावर जाणाऱ्या बाया खालूनच हात करून गेल्या. समोरचे म्हातारे आपल्या अंगणात खोकत बसले होते. मी पाण्याच्या निमित्तानं खाली उतरले. जाऊबाई भांडी घासत होत्या.

"वर नाही आलात?" मी विचारलं.

"आता कशापाई चढायचं? घंटी वाजली न्हाई मंजी बरं हाय समदं. तू लई ब्येस काम केलंस बाय." त्या मनापासून म्हणाल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझंही गणित चुकलं नव्हतं.

मी वर आले. नाना अजून तसेच बसले होते. चहावर साय धरली होती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "नाना, एवढं मोठं पातेलं कशाला?"

"हाताला तेच यतं."

उभं आयुष्य एककांसाठी मुलांच्या मागं लागलेली मी, मी म्हणाले, "नाना, मी तो बारका दाणा परत बसवते. भोरात ढिगानं मिळतात. वाजू दे रोज घंटा. जाऊबाईंना मी सांगते."

"नगं." त्यांनी मान हलवली. "घंटी कशापाई वाजत हुती त्ये आता समद्यांस्नी ठावं झालंय. खोटं वाजलं तर दोन-चार दिस येत्याल. मंग नुसतं म्हन्त्याल, वाजतीया वाजू दे. मंग खरी वाजली तरी कोन यायचं न्हाई. तू केलंस त्येच बरुबर हाय."

ते बरोबर म्हणाले हे मला लगेच कळलं, आणि तेच मला नको होतं. ते कपावर आलेली साय बोटानं बाजूला करत होते.

"पर कसं हाय बग," ते म्हणाले. "म्या सकाळी उठून बटान दाबतो, मंजी समद्यांस्नी सांगतो, येऊ नगा. ज्या दिशी दाबनार न्हाई त्या दिशी येत्याल समदी. पळत येत्याल. पर तवा म्या नसंन."

समोर खाचरात कापणीवाल्यांचा आवाज चालू होता. माझ्याकडं नुसती सूत्रं होती. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "नाना, मी येत जाईन. दर रविवारी येईन."

"ये की," ते म्हणाले. "दिवा बसवायच्या आदी येतच हुतीस."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. मी कप पुढं केला आणि त्यांनी पातेलं दोन्ही हातांनी उचलून तो काठोकाठ भरला.